दहबोच्या कवितेत बोलतंय कोण

प्रिय अस्ली,

फोन तू उचलत नाहीस. माझे बोलके निरोप ऐकल्याची खूण दिसते, पण उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. खद्राची मुलगी परवा लंडनला परत चालली आहे, तिच्या हाती देते. तिला बजावलं आहे की पाकीट दाराच्या फटीतून सरकवून पळायचं नाही. तुझ्या हातात द्यायचं, आणि तू उघडेपर्यंत चहा मागून बसायचं. चिडू नकोस तिच्यावर. मुलगी गुणी आहे, फक्त बडबडी आहे. आणि कागद समोर आला की तो वाचल्याशिवाय तुझ्याने राहवत नाही, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचायचीस.

आधी बातमी. तुझा गूलेद जिवंत आहे. बारीक झालाय, दाढी वाढलीय, खोकला जात नाही. दर शुक्रवारी मी त्याला तुरुंगात लहोहचे घावन आणि मटणाचा रस्सा घेऊन जाते. पहारेकऱ्यांपैकी एकाची बायको माझ्या हाताखाली शिकली होती, त्यामुळे डबा उघडून चिवडत नाहीत. तो जेवतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, टँकरचं काय झालं ते विचारतो. तुझ्याबद्दल विचारत नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे, वाचून पुढे जाऊ नकोस.

पाण्याच्या टाकीवर काय झालं ते तू दहा तोंडांनी ऐकलं असशील. माझ्याकडून एकदा ऐक. उन्हाळा होता, टाकीत तळाशी पाणी होतं. गूलेदचा टँकर रांगेत होता आणि दहबोचा मुलगा रूबले आपल्या उंटांना घेऊन आला. आधी माणसं की आधी जनावरं, यावरून शब्दाला शब्द लागला. रूबलेने टँकरची नळी ओढून काढली. गूलेदच्या हातात पाना होता. त्याने तो मारला. एकदाच मारला, पण डोक्यात. नंतर त्यानेच त्या पोराला टँकरमध्ये घातलं आणि इथे बुराओच्या दवाखान्यापर्यंत आणलं, पोचेपर्यंत तो गेला होता. गूलेद पळाला नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. यात मी त्याला निर्दोष म्हणत नाही, कोणी म्हणत असेल तर मी त्याचं तोंड बंद करीन. तो दोषी आहे. निकालही तसाच लागला: जिवाला जीव. आता एकच गोष्ट त्याला वाचवू शकते. मेलेल्या मुलाच्या आईने, दहबोने, माफ केलं तर शिक्षा टळते. तिचा नवरा कधीच गेला. तिच्या वतीने तिचे दीर बोलतात, आणि दिरांना रक्त हवं आहे.

दोन्ही कुळांची बैठक कोरड्या नदीपाशी मोठ्या बाभळीखाली बसली. आपल्याकडून समतर गेला. आपला भाऊ आता किती म्हातारा दिसतो ते तुला पाहवणार नाही. काठी घेतो, आणि काठी घेतो म्हणून सगळ्यांवर खेकसतो. बायका बैठकीत बसत नाहीत, हे काही मी तुला सांगायला नको. बाईला तिथे काही म्हणायचं असेल तर ती कविता करते आणि कविता आत जाते. दहबोने कविता केली. तिच्या दिरांनी ती इगेकडून पाठ करून घेतली. इगे म्हणजे त्यांच्याकडचा नावाजलेला पाठक. एकदा ऐकलेली कविता वीस वर्षांनी विचारा, शब्द इकडचा तिकडे होणार नाही. तो उभा राहिला, कोणाची कविता ते सांगितलं, आणि म्हटली.  दहबोचे दीर छाती काढून बसले होते. आपल्याकडचे लोक उठून निघून आले.

समतरने ती फोनवर टिपून आणली होती. घरी येऊन फोन चटईवर टाकला आणि म्हणाला, “घे, ऐक. बाईने सरळ मान मागितली आहे. संपलं सगळं. आता आपली अब्रू तरी राखायची.” मागोमाग काहिन आला. आपल्या कुळाचा कवी. तू गेलीस तेव्हा हा शेळ्या राखत होता, आता भुवया उंचावल्याशिवाय बोलत नाही. दहबोची कविता ‘म’ अक्षरावर होती, ओळीओळीत ‘म’ घुमवणारी, म्हणजे उत्तरही ‘म’वरच द्यायला हवं, आणि पठ्ठ्याने वाटेतच अर्धं जुळवून ठेवलं होतं. माजोरी, मस्तवाल, मुर्दाड, असले सगळे शब्द त्यात व्यवस्थित बसले होते. मी त्याला म्हटलं, “काहिन, तू कविता ऐकलीस की अक्षर ऐकलंस?” तो म्हणाला, “आत्या, तुम्ही शाळेत शिकवलं, आम्ही माणसांत म्हणतो.” समतर हसला. मी हसले नाही.

मी ते टिपण पुन्हा पुन्हा ऐकलं. तुला काही ओळी लिहून देते, कारण तुला त्या लागतील.

मानेला मान मोजा, माझं दुसरं मागणं नाही.
मर्दाच्या मरणाला मर्दाचंच मोल लागतं.
मधल्यांनो, मागे सरा, मैदान मोकळं ठेवा.

या अशा बऱ्याच ओळी आहेत. बैठकीने एवढंच ऐकलं. पण त्यांच्या पुढे, जिथे इगेचा आवाज जरा घाईने जातो, तिथे या आहेत:

मांडीवर मावेनास, तेव्हा मीच म्हटलं, ऊठ, मोठा झालास.
मडक्यात दूध मुरतंय. मागणारं कुणी नाही.
मी मोकळं रडले. ती दुसरी माय मुकी का?

कॉलेजातून आले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी मुलींना प्रत्येक कवितेला एकच प्रश्न विचारत आले. हिच्यात ‘मी’ म्हणतंय ते कोण? मुली कंटाळायच्या. “बाई, जिने केली तीच की!” म्हणायच्या. बैठकीतही शहाणे शहाणे म्हातारे तेच म्हणाले. दहबोने केली, म्हणजे दहबो बोलते. पण अस्ली, आपल्या आईने समतरला कधी मर्द म्हटल्याचं तुला आठवतं का? आई मुलाला किती नावं देते, त्यात हे नाव नसतं. ते बाहेरच्यांनी द्यायचं. ‘मधल्यांनो’ अशी मध्यस्थांना हाक फक्त बैठकीत बसणारा मारतो. जी बाई जन्मात बैठकीला गेलेली नाही तिच्या तोंडात ती आली कुठून? पहिल्या ओळींत सगळे हुकूम आहेत: मोजा, सरा, ठेवा. नवरा गेल्यापासून दहबोने कोणाला हुकूम सोडला असेल असं वाटत नाही, त्या घरात हुकूम सोडणारे दुसरे आहेत. आणि पुढच्या ओळींत एकही हुकूम नाही. तिथे फक्त बघणं आहे. मांडी, मडकं, दूध. त्या ओळी करणाऱ्या बाईचा हात कुठे होता ते दिसतं. एका कवितेत दोन आवाज होते, आणि इगेने ते एकाच आवाजात म्हटले होते.

हे मी समतरला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कारण मी थोरली आहे. मग म्हणाला, “उबाह, माणसाचा जीव टांगणीला आहे आणि तू मला मर्द शब्दावर धडा देतेस?” मी म्हटलं, “त्याच शब्दावर टांगलेला आहे, म्हणून देते. काहिनचं उत्तर गेलं की दहबोला इच्छा असूनही माफ करता येणार नाही. पुढच्या बैठकीपर्यंत त्याच्या तोंडाला कुलूप लाव.” तो बराच वेळ काठीने चटई उकरत बसला. नवी चटई होती. शेवटी म्हणाला, “लावतो. पण तुझं चुकलं तर मी तुला धरीन, देवाला नाही.”

मी हिबाकला घेऊन दहबोकडे गेले. हिबाक तुला आठवत असेल, चुलत काकांची धाकटी. ती दहबोच्या कुळात दिली आहे, दोन्ही घरची म्हणून तिला कोणी अडवत नाही. तिच्या नवऱ्याच्या गाडीतून गेलो. वाटभर तिने मला दोन गोष्टी बजावल्या: गूलेदचं नाव आपण होऊन काढायचं नाही, आणि चहा गोड आहे म्हणून तोंड वाकडं करायचं नाही.

दहबो उंच आहे. आपल्यापेक्षा लहान असेल, पण पांढऱ्या सुतकी कपड्यांत वयाचं कळत नाही. सात-आठ बायका भोवती बसल्या होत्या. तिने मला जागा दिली, चहा दिला, आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “मास्तरीण तूच का? माझ्या नणंदेच्या मुलीला तू नापास केलं होतंस.”

“अभ्यास केला नसेल तिने.”

“नव्हताच केला,” दहबो म्हणाली. कोपऱ्यातली एक म्हातारी फिस्सकन हसली आणि मग सगळ्यांनी एकदम पदर सावरले.

मी म्हटलं, “तुझी कविता ऐकायला आले.”

“इगेने म्हटली की तुमच्यात. तो शब्द गाळत नाही.”

“शब्द नाही गाळला. पण पुरुषांच्या लांब चालीत म्हटली. तू तशी केली नव्हतीस.”

तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “एवढा मोठा बाप्या, मिशा पांढऱ्या झालेल्या, म्हाताऱ्यांपुढे बायकांच्या चालीत म्हणायची लाज वाटली असेल.” आणि तिने टाळी धरली. बाकीच्या बायकांनीही धरली. आपल्या बायकांची ती आखूड, उड्या मारणारी चाल, अस्ली, लग्नात नाचतात तीच, आणि तिच्यात मेलेल्या मुलाची कविता. “मानेला मान मोजा” आलं तेव्हा कोपऱ्यातल्या म्हातारीने पदराचं टोक हनुवटीला धरलं, दाढीसारखं, आणि घसा खाकरला. दुसरीने काठी आपटल्यासारखा हात आपटला. “मधल्यांनो” म्हणताना दहबोने आवाज असा नाकात नेला की तिचा मोठा दीर, ज्याला मी आयुष्यात पाहिलेला नाही, तो माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आपली आई आणि शेजारणी चटई विणताना बाबांची आणि त्यांच्या मित्रांची नक्कल करायच्या, ती अगदी हीच. आणि मग “मांडीवर मावेनास” आलं, टाळ्या थांबल्या, आणि तिथून शेवटपर्यंत दहबो एकटी म्हणाली. नुसती बोलल्यासारखी. बायका ज्या तोंडाने हसल्या होत्या त्याच तोंडावर पदर घेऊन रडत होत्या.

म्हणजे बघ काय झालं होतं. दीर उठता बसता तिच्या नावाने जे बोलत होते ते तिने त्यांच्याच शब्दांत त्यांच्या तोंडी घातलं. दिरांनी आपलीच थट्टा मोठ्या मानाने ऐकून घेतली, पाठकाला पाठ करायला लावली आणि दोन कुळांपुढे छाती काढून सादर केली. त्यांना वाटलं, वहिनी आपल्या बाजूने बोलली. इगेने स्वतःची लाज राखली आणि कवितेतली बाई त्याच्या हातून वाटेत गळाली. शब्द सगळे पोचले. हे बैठकीत सांगायची सोय नाही. सांगितलं तर दिरांचं हसं होईल आणि ते सगळं दहबोला घरात भोगावं लागेल. म्हणून मी हे फक्त समतरला सांगितलं आहे, आणि आता तुला. समतर ऐकून आधी हसला, मग त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, “बाभळीखाली एवढी डोकी होती.” 

मी दहबोला विचारलं, माफ करणार का. सरळ विचारलं. हिबाकने माझ्या पायाला चिमटा काढला. दहबो म्हणाली, “दिरांना मी पुरून उरेन. ओरडतील, उंटांची वाटणी काढतील, दोन महिने माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. ते मी बघून घेईन. माझं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.” आणि तिने हिबाकला फोन काढायला सांगितला. “लाव ते. तिकडच्या बाईचं.”

अस्ली, तुझा निरोप होता. खटल्यानंतर तू आपल्या घरच्या माणसांना पाठवलेला. तो कोणी कोणाला पाठवला आणि तिथपर्यंत कसा गेला ते मला माहीत नाही, आपल्यात आवाज कसे फिरतात ते तुला ठाऊक आहे. सगळ्या बायकांनी ऐकला. “तो माझा नाही. माझा नाही तो. त्याने कुळाच्या नावाला काळं फासलं, कुळाने त्याचं काय करायचं ते करावं. असला मुलगा मी जन्माला घातलाच नाही.”

फोन बंद झाला. दहबो म्हणाली, “मी रडते, ओरडते, आता नकलाही करते. ही तर दुसरी आई. तिच्याकडून काही येईल म्हणून मी वाट पाहिली, तर हे आलं. मास्तरीणबाई, मला सांग. मी त्याला सोडला तर कोणाच्या हातात सोडू? जिचा आहे तिलाच तो नकोय. माझा गेला, तो मला हवा होता. तिचा आहे, आणि तिला नको. मग मी घरादाराशी भांडण कोणासाठी मांडू?”

मी तिच्याशी वाद घातला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी म्हटलं, तू हा निरोप तसाच ऐकलास जशी बैठकीने तुझी कविता ऐकली. ज्याच्याकडे एखादी वस्तू नसते तो एकदा नाही म्हणतो आणि गप्प बसतो. ही पुन्हा पुन्हा म्हणते. दोन वाक्यांच्या मध्ये ही श्वास घेत नाही, कारण घेतला तर पुढचं वाक्य बोलता येणार नाही. आणि ‘कुळाच्या नावाला काळं’ हे माझ्या बहिणीचे शब्द नाहीत. मी तिला बोलायला शिकवलं आहे. तिने उभ्या आयुष्यात कुळ हा शब्द शिवी दिल्याशिवाय वापरलेला नाही. हे समतरचे शब्द आहेत, काहिनचे आहेत, त्या बाभळीखालचे आहेत.

दहबोने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “तू शिकलेली. तुला ऐकू येतं. मला तिच्या तोंडून ऐकू दे.”

परत येताना हिबाक बोलत होती आणि मी तुझा विचार करत होते. आता जे लिहिते ते पाठीवर हात ठेवून लिहिते आहे असं समज, तो हात जरा जड असला तरी. दहबोनेही पुरुषांचे शब्द उसने घेतले आणि तूही घेतलेस. तिने घेतले ते त्यांची नक्कल करायला. तू घेतलेस ते त्यांच्याआड लपायला. मी तुझा निरोप कवितेसारखाच ऐकला आणि मुलींना विचारायचे तोच प्रश्न स्वतःला विचारला: यात ‘मी’ म्हणतंय ते कोण? आणि मला विमानतळावरची बाई दिसली. सोळा वर्षांच्या पोराला, तिथल्या टोळक्यांतून सुटावा, आपल्या माणसांत सुधारावा म्हणून, सुट्टीला चाललोय असं खोटं सांगून इकडे आणणारी, आणि त्याचा पासपोर्ट घेऊन एकटी परत जाणारी. तू एकटीनेच तसं केलेलं नाहीस. या गावात अशी पाठवलेली पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यातली बरीचशी चांगली निघाली. गूलेदही चांगला निघाला होता. टँकर चालवायचा, मला म्हातारे म्हणायचा, आपली भाषा तुझ्यासारखी चावून बोलायला लागला होता. तू त्याला पाठवलंस म्हणून त्याच्या हातात पाना आला, असं तू रोज स्वतःला सांगतेस, हे मला कोणी कळवलेलं नाही. तुझ्या आवाजात आहे ते. तू ‘माझा नाही’ म्हणतेस ते त्या विमानतळावरच्या बाईला म्हणतेस. पण इकडे तुरुंगात ते ऐकून बसलाय तो तिचा मुलगा.

हो, त्यानेही ऐकला आहे. म्हणूनच तो विचारत नाही.

आपण चटईला बसायचो तेव्हा आई अर्धी ओळ सोडायची आणि ती तू पुरी करायचीस. मी नुसती सांगायचे की तुझी ओळ कुठे बरी झाली आणि कुठे नाही. पुढेही तसंच झालं, मी शिकवत राहिले. करणारी तू होतीस. लढाईत शहर सोडून गेलीस आणि तुझ्या तोंडून त्यानंतर एक ओळ ऐकली नाही. मी कधी विचारलं नाही, तिकडे थंडी असते, रुग्णालयातल्या चादरी धुवायच्या असतात, पोरं वाढवायची असतात, माणूस किती म्हणून करील. आता मात्र विचारते आहे.

रमजानच्या आधी बैठक पुन्हा बसेल. त्याच्या आत दहबोच्या अंगणात उत्तर पोचायला हवं, आणि ते काहिनचं असून चालणार नाही, माझंही चालणार नाही. मी तिच्यासमोर बसले होते, माझ्यापाशी अर्थ होता, तरी तिने माझ्याकडून उत्तर घेतलं नाही. तिने प्रश्न तुला विचारला आहे, अस्ली. ‘ती दुसरी माय’ तू आहेस. कविता तुला करायची आहे, ‘म’वर, आणि बायकांच्या चालीत. कागदावर पाठवू नकोस, कोणाकडून म्हणवून घेऊ नकोस. वाटेत काय होतं ते तू पाहिलंस. तुझ्या आवाजात फोनवर टिपून हिबाकला पाठव, ती दहबोच्या कानाशी नेईल आणि तोच आवाज दुसऱ्या फोनवर मी पहारेकऱ्याकरवी तुरुंगात गूलेदपर्यंत पोचवीन. कुळाचं नाव काढू नकोस. पहिल्याच ओळीत क्षमा मागू नकोस, क्षमा तिच्या मुलाचं नाव घेतल्यावर माग. तिच्या मडक्याला उत्तर दे. तुझ्याही घरात काहीतरी तसंच पडलेलं असेल, त्याचं नाव तुलाच माहीत. आवाज फुटला तर फुटू दे, पुन्हा टिपत बसू नकोस. बाकीचे शब्द तू निवड, त्यात मी बोट घालणार नाही. फक्त एक शब्द मी सांगते, तो कोणत्या ओळीत ठेवायचा ते तू बघ. ‘माझा’. त्याच्यापुढे ‘नाही’ लावू नकोस.

तुझीच,
उबाह